खालच्या दाढेची भूल चढत नाही तेव्हा : जबड्याच्या हाडातल्या एका छिद्राबद्दल

अर्धविराम (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात एक बाई तपासायला आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, मला भूल चढतच नाही. माझ्यातच काहीतरी दोष आहे." आधी दुसरीकडे त्यांच्या खालच्या दाढेसाठी तीन इंजेक्शनं झाली होती. ओठ जड झाला, जीभ जड झाली, पण दाढेला यंत्र लागलं की कळ मस्तकात जायची. "तुम्ही घाबरता म्हणून दुखतं," असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी ते खरं मानलं. पुढे दोन वर्षं त्या दाताच्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत.

मला या गोष्टीचा फार त्रास होतो, म्हणून हा धागा. मी दंतवैद्य आहे आणि बरीच वर्षं विद्यार्थ्यांना डोक्या-मानेची शरीररचना शिकवते. भूल न चढण्याचं कारण बहुतेक वेळा माणसाच्या मनात नसतं, हाडात आणि नसेत असतं. ते हाड तुम्हाला दाखवता आलं तर बरं, म्हणून शब्दांत प्रयत्न करते.

माझ्या टेबलावर खालच्या जबड्याचं एक खरं, वाळलेलं हाड आहे. वरून बघितलं तर घोड्याच्या नालेसारखं. त्या नालेच्या दोन्ही टोकांना दोन रुंद पट्ट्या वर चढत जातात. बोलताना कानाच्या पुढे बोट ठेवलंत तर या पट्टीचं वरचं टोक हलताना जाणवेल. आता हाड फिरवा आणि पट्टीची आतली बाजू बघा, जिभेकडची. साधारण मधोमध, किंचित मागे, एक छिद्र आहे. काडेपेटीतली काडी त्यात सहज जाते. छिद्राच्या पुढच्या काठावर हाडाचा एक छोटा कंगोरा उभा असतो, जणू दाराला आडोसा. त्याला लिंग्युला म्हणतात, म्हणजे छोटी जीभ.

खालच्या दातांच्या संवेदना वाहणारी मुख्य नस या छिद्रातून हाडात शिरते. मग हाडाच्या आतल्या बोगद्यातून दाढांच्या मुळांखालून पुढे जाते आणि उपदाढांपाशी तिचे दोन भाग होतात. एक भाग बाहेरच्या बाजूच्या दुसऱ्या छिद्रातून निघून हनुवटीला आणि खालच्या ओठाला जातो. दुसरा हाडातच राहून सुळ्याकडे आणि पटाशीच्या दातांकडे जातो.

म्हणजे एकदा नस हाडात शिरली की ती आपल्या हाती लागत नाही. दाढांभोवती खालच्या जबड्याची बाहेरची भिंत इतकी जाड आणि घट्ट असते की हिरडीत टोचलेलं औषध मुळापर्यंत पुरेसं झिरपत नाही. नस दारातून आत शिरायच्या आधीच तिला गाठावं लागतं. तिला अशी वाटेतच औषधाने अडवणं म्हणजे ब्लॉक. हे दार तोंडाच्या पार मागे, गालाच्या आतल्या मऊ मांसाच्या पल्याड आहे आणि आम्हाला ते दिसत नाही. प्रत्येक खालच्या दाढेच्या वेळी आम्ही न दिसणाऱ्या छिद्राकडे सुई नेत असतो.

पाठ्यपुस्तकांत या ब्लॉकच्या अपयशाचं प्रमाण साधारण १५ ते २० टक्के दिलेलं असतं. अनुभवी हातांनाही हे अपयश टळत नाही.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा. जमेल तसं उत्तर देईन.

---

निळी_छत्री

डॉक्टर, धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी अगदी त्याच गटातली आहे. माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल अर्धवट सोडून मी घरी आले. ओठाला चिमटा काढला तरी कळत नव्हता, मग दाढ का दुखत होती? हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नाही.

---

पाऊलवाट

एक बाळबोध प्रश्न. वरच्या दाढेला दाताशेजारीच टोचतात आणि काम होतं. खालच्या दाढेला मात्र पार घशाजवळ सुई जाते. दोन्ही हाडंच ना?

---

अर्धविराम

@पाऊलवाट, बाळबोध अजिबात नाही, याच प्रश्नापासून सगळं सुरू होतं. कोरड्या कवटीचा वरचा जबडा दिव्यासमोर धरला तर काही ठिकाणी उजेड आरपार दिसतो. बाहेरची भिंत पातळ आणि सच्छिद्र, त्यामुळे मुळाच्या टोकाशी हिरडीत सोडलेलं औषध हाडातून झिरपून आत पोचतं. खालच्या जबड्यामागे दिवा धरा, काही दिसणार नाही. चावण्याचा सगळा भार पेलणारं हाड ते.

वरही एक अडचणीची जागा आहे. गालाच्या हाडाचा खांब पहिल्या मोठ्या दाढेच्या वर टेकतो, तिथे भिंत जाड होते आणि कधी कधी तेवढी एक दाढ हट्ट करते. उलट खालच्या पटाशीच्या दातांपाशी हाड पातळ आहे, तिथे शेजारी टोचूनही बऱ्यापैकी निभावतं.

@निळी_छत्री, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सावकाश लिहिते, ते महत्त्वाचं आहे.

ओठ बधिर होणं म्हणजे ओठाकडे जाणारे तंतू थांबले, एवढंच. त्याच नसेत दाढेचेही तंतू असतात, पण नस म्हणजे एकच तार नव्हे. हजारो तंतूंची जुडी आहे ती. औषध कमी पडलं किंवा थोडं लांब पडलं तर काही तंतू जागे राहतात. शिवाय दाढेच्या आतला भाग ओठापेक्षा उशिरा बधिर होतो. ओठ पाच मिनिटांत जड झाला तरी दाढेला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. म्हणून ओठ जड झाला की लगेच ड्रिल सुरू करू नये, दाढेवर थंड लावून बघावं. थंड कळत असेल तर थांबावं किंवा आणखी औषध द्यावं. तुमच्या बाबतीत ही तपासणी झाली होती का, आठवतं?

---

निळी_छत्री

नाही. "ओठ जड झाला का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि काम सुरू झालं.

---

कोरा_कागद

मी रसायनशास्त्राचा आहे, म्हणून एक भर. भुलेसाठी वापरतात त्या लिडोकेन या औषधाचे रेणू द्रावणात दोन रूपांत असतात, भारित आणि बिनभाराचे. नसेचं आवरण ओलांडून आत जातात ते बिनभाराचे. त्याचा पीकेए (ज्या पीएचला दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात तो आकडा) ७.९ धरला तर शरीराच्या नेहमीच्या ७.४ पीएचला साधारण २४ टक्के रेणू बिनभाराचे असतात. सूज आलेल्या जागी आम्लता वाढते. पीएच ६.४ झाला तर हेच प्रमाण ३ टक्क्यांवर येतं. दुखऱ्या दाढेला भूल चढत नाही त्याचं कारण हेच. हाडाचा फार संबंध नसावा.

---

अर्धविराम

@कोरा_कागद, गणित बरोबर आहे, आणि सुजलेल्या हिरडीतच टोचलं तर हे कारण लागू पडतं. पण खालच्या दाढेच्या ब्लॉकमध्ये औषध कुठे पडतं ते बघा. दाढेपासून कित्येक सेंटिमीटर मागे, पट्टीच्या आतल्या बाजूला. तिथे सूज नसते, पीएच नेहमीचाच असतो. तरीही दाढेचा गाभा पेटलेला असेल तर ब्लॉक निकामी होण्याचं प्रमाण खूप वाढतं. म्हणजे आम्लतेने सगळं उलगडत नाही. दाहामुळे ती नसच चिडलेली असते. तिच्यातल्या, संदेश पुढे नेण्यासाठी लागणाऱ्या सोडियमच्या वाटा बदलतात, त्यातल्या काही लिडोकेनला सहज दाद देत नाहीत आणि एरवी ज्याने नस उठली नसती अशा हलक्या धक्क्यानेही ती उठते.

म्हणून मी रात्रभर ठणकलेल्या दाढेला आधीच वेगळं धरते. ब्लॉक देते, वाट बघते, थंड लावून तपासते आणि जोडीला बाहेरच्या बाजूने आर्टिकेन हे भुलेचं दुसरं औषध टोचते. तरीही कळ राहिली तर दात आणि हाडाच्या मधल्या फटीत किंवा थेट हाडात औषध देता येतं. हे उपाय शेवटचे नव्हेत, ठरलेले आहेत. रुग्णाने ओरडेपर्यंत त्यांची वाट बघायची नसते.

---

नवी_पालवी

मॅडम, मी इंटर्न आहे. सगळे म्हणतात "हाड लागलं पाहिजे". मला कधी सुई थोडी आत जाताच हाड लागतं, कधी लागतच नाही. माझ्या हातून तीन ब्लॉक फसले आणि आता सिरिंज हातात घेतली की पोटात गोळा येतो. प्लीज सांगा.

---

अर्धविराम

@नवी_पालवी, ये, बस इथे. तुझ्यासाठी मोठा प्रतिसाद लिहिते. बाकीच्यांनी कंटाळा आला तर पुढे जावं.

सुई विसर आणि बोटापासून सुरुवात कर. अंगठा तोंडात घाल, शेवटच्या दाढेच्या मागे हाडाची पुढची कड लागेल. ती कड वरपासून खाली चाचप. एका ठिकाणी ती सर्वांत जास्त आत वळलेली लागते. तो खोलगा हे तुझं उंचीचं माप. अंगठा तिथेच राहू दे. आता पेशंटला तोंड पूर्ण उघडायला सांग. वरच्या जबड्याच्या मागून खाली उतरणारी एक ताणलेली घडी दिसेल. अंगठा आणि घडी यांच्यामध्ये, घडीच्या अगदी बाहेरच्या अंगाला टोचायचं. उंची खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून ६ ते १० मिलिमीटर वर. सिरिंजचा मागचा भाग विरुद्ध बाजूच्या उपदाढांवर.

मग हळूहळू आत जायचं. मोठ्या माणसात साधारण २० ते २५ मिलिमीटरवर हाड लागतं. आता तुझ्या दोन्ही तक्रारी बघू.

सुई निम्मीही आत गेली नाही तोच हाड लागलं, तर तू फार पुढे आहेस. थोडी मागे घे, सिरिंजचा मागचा भाग पुढच्या दातांकडे सरकव, टोक मागे वळेल, मग पुन्हा आत जा.

पूर्ण आत जाऊनही हाड लागलं नाही, तर टोक फार मागे चाललंय. औषध सोडू नकोस. हे लक्षात ठेव, कारण तिथे मागे लाळेची मोठी ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहरा हलवणारी नस जाते. तिथे औषध पडलं तर पेशंटचा त्या बाजूचा डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो. काही तासांत ते उतरतं, पण तोवर डोळा जपावा लागतो आणि माणूस घाबरून अर्धा होतो. सुई बरीच मागे घे, सिरिंज दाढांकडे वळव, पुन्हा प्रयत्न कर.

हाड लागलं की एक मिलिमीटर मागे. मग सिरिंज ओढून बघ, रक्त येतं का. नसेला लागूनच रक्तवाहिन्या जातात. या ब्लॉकमध्ये शंभरातल्या दहा-पंधरा वेळा रक्त येतं, म्हणून ही पायरी कधीच गाळायची नाही. रक्त आलं नाही तर साधारण दीड मिलिलिटर औषध, किमान एक मिनिट घेऊन, सावकाश.

आत जाताना पेशंट जिभेत विजेचा झटका बसल्यासारखा दचकला तर थांब. जिभेची नस आपल्या नसेच्या पुढेच असते, तिला टोक लागलंय. किंचित मागे घे, दिशा बदल आणि झटका बसला त्या जागी औषध सोडू नकोस.

हे सगळं करूनही काही वेळा फसेल. मी बरीच हाडं हाताळली आहेत. कंगोरा कुठे त्रिकोणी, कुठे छाटल्यासारखा बोथट, कुठे नुसती गाठ, तर कुठे हाडात इतका मिसळलेला की बोटाला लागत नाही. छिद्र कधी वर, कधी खाली. पुस्तकातलं चित्र एका हाडाचं असतं.

---

रानफूल

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न लहान मुलांबद्दल. मुलगी पाच वर्षांची आहे, खालच्या दुधाच्या दाढेत मोठी कीड आहे. मुलांनाही हीच सुई इतकी आत घालतात का? विचारानेच माझे हात गार पडलेत.

---

अर्धविराम

@रानफूल, काळजी समजते. लहान मुलांचं हाड अजून मोठ्यांइतकं घट्ट झालेलं नसतं, त्यामुळे बऱ्याच वेळा दाढेशेजारी टोचूनही भागतं. ब्लॉक लागलाच तर मोजमाप वेगळं असतं. लहानपणी ते छिद्र दाढांच्या पातळीच्या जवळ किंवा खाली असतं, जबडा वाढतो तसं ते वर जातं. म्हणून मुलांमध्ये सुई खालच्या पातळीवर आणि कमी खोल जाते. मुलांवर नेहमी काम करणाऱ्या दंतवैद्याला हे पाठ असतं.

तुमच्या हातातलं काम नंतरचं आहे. दाढेचं काम तासाभरात आटोपतं, पण ओठ दोन-तीन तास किंवा जास्तही बधिर राहतो. मुलांना ते विचित्र वाटतं आणि ती ओठ चघळतात. दुखत नसल्यामुळे थांबत नाहीत. संध्याकाळी ओठ सुजून टम्म होतो. भूल उतरेपर्यंत खायला देऊ नका आणि तिला नजरेसमोर ठेवा.

---

शेवटचा_थांबा

माझ्या वडिलांचे खालचे सगळे दात गेले आहेत. कवळी बसवली की हनुवटीजवळ एका ठराविक ठिकाणी दाबलं की ओठात झिणझिण्या येतात. कवळी तीनदा घासून घेतली. हा तुमच्या त्या दुसऱ्या छिद्राचा प्रकार असू शकेल का?

---

अर्धविराम

@शेवटचा_थांबा, तुम्ही नेमकं ओळखलंत, शक्यता चांगली आहे. दात गेले की दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं. जबड्याची उंची कमी होते, पण छिद्र जागचं हलत नाही. एकेकाळी दातांच्या मुळांखाली असलेलं ते छिद्र हळूहळू हिरडीच्या माथ्याशी येतं. मग कवळी थेट नसेवर दाबते. कवळी करणाऱ्या डॉक्टरांना नेमकी जागा बोटाने दाखवा आणि एक्स-रे काढून छिद्र कुठे आहे ते बघायला सांगा. कवळीच्या आतल्या बाजूने तेवढीच जागा मोकळी करता येते. नुसती कड घासून उपयोग होणार नाही. ओठ सतत बधिर राहायला लागला किंवा बधिरपणा वाढत गेला तर मात्र कवळीवर ढकलू नका, लगेच तपासून घ्या.

---

दगडी_पाटी

मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करतो. धागाकर्तीशी बहुतांशी सहमत, दोन गोष्टी जोडतो.

पहिली, दारावर पोचलं तरी सगळं आटोपत नाही. नस छिद्रात शिरण्याच्या थोडं आधी तिच्यातून एक फांदी फुटते आणि हाडाच्या आतल्या बाजूने खाली तोंडाच्या तळाकडे जाते. ती मुख्यतः स्नायूंची, पण काही माणसांत तिच्यातून दाढांकडेही तंतू जातात. ब्लॉक बिनचूक बसला तरी ही मागची वाट उघडी राहते. अशा वेळी दाढेच्या जिभेकडच्या बाजूला, मुळाच्या पातळीवर थोडं औषध दिलं की कळ थांबते. काही जणांत तर हाडातला बोगदाच दुपदरी असतो. साध्या एक्स-रेवर ते क्वचित दिसतं, थ्रीडी स्कॅनवर बरंच जास्त. बाहेरच्या हिरडीची नस आणखी वेगळी, तिला स्वतंत्र टोचावं लागतं.

दुसरी, ही एकच पद्धत नाही. १८८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी कोकेनचं द्रावण वापरून असे ब्लॉक सुरू केले. स्वतःवर प्रयोग करता करता हॅल्स्टेड त्याच कोकेनच्या व्यसनात सापडले, ही किंमत मोजून हे ज्ञान आलंय. औषध पुढे बदललं, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. पण दार तेच राहिलं. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातले दंतवैद्य जॉर्ज गो-गेट्स यांनी दार सोडून बरंच वर, जबड्याच्या सांध्याखाली हाड निमुळतं होतं त्या जागेपाशी औषध द्यायची पद्धत मांडली. तिथे नस फाटे फुटण्याआधीच सापडते, त्यामुळे ती मागची वाटही बंद होते. आणि ज्यांचं तोंडच उघडत नाही त्यांच्यासाठी बंद तोंडाने द्यायची पद्धत आहे, १९७७ मध्ये अकिनोसी यांनी मांडलेली. अक्कलदाढेच्या सुजेने जबडा आखडलेला असतो तेव्हा मला तीच उपयोगी पडते.

एकाच जागी तिसरं इंजेक्शन देण्यापेक्षा जागा बदला, हे मी माझ्या कनिष्ठांना रोज सांगतो.

---

पाऊलवाट

>> एकाच जागी तिसरं इंजेक्शन देण्यापेक्षा जागा बदला

हे वाक्य लिहून ठेवलं. पण पेशंटने दंतवैद्याला हे सांगायचं कसं? उद्धटपणा वाटेल.

---

अर्धविराम

@पाऊलवाट, पद्धत सांगू नका, माहिती द्या. "मागच्या वेळी खालच्या उजव्या दाढेला ओठ बधिर झाला होता, दाढ झाली नव्हती," एवढं एक वाक्य मला दहा मिनिटं वाचवतं. आणि काम सुरू व्हायच्या आधी हात वर करण्याची खूण ठरवून घ्या.

आणखी एक फरक ओळखायला शिका. दात काढताना दाब आणि ढकलल्यासारखं कळणारच, कारण दाब वाहणारे तंतू दुखणं वाहणाऱ्या तंतूंपेक्षा उशिरा आणि कमी थांबतात. दाब सहन करा. टोकदार कळ सहन करायची नाही, लगेच सांगायचं.

@दगडी_पाटी सर, त्या मागच्या फांदीबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं, माझ्याकडून राहून गेलं होतं.

---

निळी_छत्री

बारा दिवसांनी लिहितेय. काल त्याच दाढेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वर दिलेलं वाक्य कागदावर लिहून नेलं होतं, बोलता येणार नाही या भीतीने. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." इंजेक्शन दिल्यावर घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबले. मग कापसाच्या बोळ्यावर काहीतरी गार फवारून दाढेला लावलं. मला कळलं. त्यांनी जिभेच्या बाजूने थोडं औषध आणखी दिलं, पुन्हा बोळा लावला. या वेळी काहीच कळलं नाही. शेजारच्या दाढेला लावून दाखवला, तिथेही नाही. वरच्या दाताला लावला तर मी दचकले.

दीड तास काम चाललं. दुखलं नाही. दोन वर्षं मी स्वतःला भित्री समजत होते.

---

नवी_पालवी

ताई, वाचून खूप बरं वाटलं.

मॅडम, आज माझा चौथा ब्लॉक होता, एक आजोबा. अंगठ्याला तो खोलगा लागला, खरंच लागला, इतके दिवस मी कडेवरच थांबत होते. पहिल्यांदा हाड लवकर लागलं. मागे घेतलं, सिरिंज पुढच्या दातांकडे सरकवली, पुन्हा आत गेले. सुईच्या टोकाला काहीतरी टणक, शांत असं टेकलं. एक मिलिमीटर मागे, ओढून बघितलं, रक्त नाही. पूर्ण मिनिट मोजून औषध दिलं. पाच मिनिटांनी आजोबा म्हणाले, "ओठ सुजलाय बघ माझा." आरसा दिला. ओठ होता तसाच होता. ते बराच वेळ आरशात बघत राहिले.

---

अर्धविराम

शाबास. दाढेवर थंड लावून बघितलंस ना?

---

नवी_पालवी

हो मॅडम. दोनदा.